भोंगा वाजेपर्यंत

एकदा एक जुना संगणक मेला, आणि त्याच्याबरोबर एका माणसाचं नाक गेलं.

खरं म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं नाक पंधरा वर्षांपूर्वीच निकामी झालेलं होतं. यासीनचाचा हे त्यांचं नाव. एका बंदराच्या गावात बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या कॉम्प्रेसरच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. बर्फ गोठवायला अमोनिया वायू लागतो. हा वायू मोठा घातकी, पण त्याच्यापाशी एक प्रामाणिकपणा आहे: त्याचा वास इतका उग्र, की जराशी गळती झाली तरी माणसं नाक दाबून बाहेर पळतात आणि वाचतात. पंधरा वर्षांपूर्वी अशीच मोठी गळती झाली, तेव्हा सगळे पळाले आणि यासीनचाचा मात्र व्हॉल्व्ह फिरवायला आत थांबले. व्हॉल्व्ह बंद झाला, बारा माणसं वाचली. चाचाही वाचले, पण त्या दिवसापासून त्यांना कशाचाच वास येईना, ना अत्तराचा, ना माशाचा, ना अमोनियाचा.

तरीही त्यांनी तीच नोकरी धरून ठेवली, कारण दुसरं काही येत नव्हतं. तेव्हा गावातले एक वृद्ध यंत्रज्ञ, खातू मास्तर, यांनी त्या खोलीत भिंतीवर वायू ओळखणारे चार संवेदक बसवले. त्यांच्या तारा शेजारच्या काचेच्या केबिनमध्ये ठेवलेल्या संगणकाला जोडल्या. संगणकात दोन कार्डं होती. एक कार्ड हवेतला वायू मोजणार, दुसरं कार्ड आकडा पस्तिसावर पोचला की भोंगा वाजवणार. भोंगा असा, की मासळी बाजारापर्यंत ऐकू जावा. चाचा म्हणायचे, "माझा नाक आता त्या पेटीत हाय." आणि खोलीत निर्धास्त बसायचे.

मासेमारी बंदीचे दोन महिने कारखाना बंद असतो. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस तो उघडला तेव्हा संगणक सुरूच होईना. खाऱ्या हवेने आतली डिस्क खाल्ली होती, घड्याळाचा सेलही संपला होता. एक ऑगस्टला होड्या समुद्रात जाणार, म्हणजे एकतीस जुलैला सकाळी दहा वाजता पाइपांत वायू सोडायलाच हवा होता. दोन महिने थंड पडलेल्या पाइपांत वायू सोडणं हीच वर्षातली सर्वांत धोक्याची घटका. कुठला सांधा सुटला आहे, कुठलं पॅकिंग वाळलं आहे, हे त्या घटकेलाच कळतं.

नवा संगणक आणून भागणार नव्हतं. ती दोन कार्डं बसतील अशा खाचा नव्या संगणकात नसतात, आणि ती चालवणारा प्रोग्राम पंचवीस वर्षांपूर्वीच्या प्रणालीवरच चालतो. तेव्हा जुन्या पेटीत दुसरी जुनी डिस्क घालून तीच जुनी प्रणाली पुन्हा बसवणं, हा एकच मार्ग होता. मास्तरांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी पडद्याकडे बघायला सक्त मनाई केली होती. म्हणून हे काम त्यांनी आपल्या शिष्येवर सोपवलं.

ही शिष्या म्हणजे प्रणिता. वय पस्तीस, हात चांगला, डोकं त्याहून चांगलं. सहा वर्षं मास्तरांपाशी शिकत होती. मास्तर म्हणाले, "तू कर. अडलीस तर फोन कर. अडण्यात काही कमीपणा नाही." पण हे वाक्य ज्याला सांगावं लागतं, त्याला ते पटत नसतं, हा माझा अनुभव आहे. प्रणितालाही पटलं नाही.

पहिल्या दिवशी प्रणाली बसली. पडद्यावर जुनं निळं आभाळ उगवलं, तारीख मात्र कधीकाळची दिसत होती. ती तारीख तिने दुरुस्त केली आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशी कार्डं बसवली, आणि तिथे घात झाला. संगणकातल्या सगळ्या भागांची एक यादी असते. त्या यादीत भोंग्याच्या कार्डापुढे एक पिवळी खूण उमटली. खूण उमटली आणि संगणक गोठला. बंद करून पुन्हा चालू केला, पुन्हा गोठला. अकरा वेळा हेच.

वाचकांपैकी ज्यांनी त्या काळचे संगणक हाताळलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. त्या संगणकात प्रत्येक कार्डाला एक क्रमांक लागत असे. कार्डाला काही सांगायचं असलं की ते त्या क्रमांकाने मुख्य यंत्राला हाक मारी, आणि यंत्र हातातलं काम थांबवून त्याचं ऐके. क्रमांक मोजके, आणि त्यांतले बहुतेक कळफलकाने, घड्याळाने, डिस्कने आधीच घेतलेले. दोघांना एकच क्रमांक मिळाला तर हाक ऐकू येते, पण ती कोणाची ते कळत नाही. मग यंत्र गोंधळतं आणि बसल्या जागी थिजतं.

इथे भांडण पाच क्रमांकावरून होतं. भोंग्याचं कार्ड जुनं, त्याचा क्रमांक मास्तरांनी पूर्वीच पाचवर कायम करून ठेवलेला. पण त्या पेटीत तिसरंही एक कार्ड होतं. कारखान्याच्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी ते बसवून घेतलं होतं. टाकीचं तापमान आपल्या केबिनमधल्या पडद्यावर बसल्या जागी दिसावं म्हणून तिथवर तार ओढली होती. नव्याने बसवलेल्या प्रणालीने पाच क्रमांक आपणहून त्या मालकांच्या कार्डाला देऊन टाकला.

प्रणिताला भांडण कोणात आहे ते कळलं. ते सोडवावं कसं, ते कळेना. आणि तेवढ्यात मालक येऊन पाठीशी उभे राहिले. माणूस वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न विचारतो.

"झालं का?"

"होतंय, साहेब."

"बाई, चाळीस होड्या बर्फासाठी थांबल्यात. आणि माझ्या पडद्यावर आकडा अजून दिसत नाही. तुमच्याच्याने होणार नसेल तर तसं सांगा, मी शहरातून माणूस बोलावतो."

ती पिवळी खूण प्रणिताला आता नुसती खूण वाटत नव्हती. कुणी तरी आपल्याकडे बोट दाखवून हसतं आहे असं तिला वाटू लागलं. फोन पिशवीत होता, मास्तरांचा नंबर पाठ होता. तिने फोन काढलाच नाही.

मालक चहाला गेले. तिने पेटी पुन्हा चालू केली, ती गोठायच्या आत भोंग्याच्या कार्डावर बाण नेला आणि 'हे उपकरण वापरू नये' असा जो एक पर्याय असतो, तो निवडला.

जादू व्हावी तसा संगणक सुरळीत सुरू झाला. पिवळी खूण गेली. तिच्या जागी एक लहानशी तांबडी फुली आली, पण यादी मिटली की फुली दिसत नाही. पडद्यावर चारही संवेदकांचे हिरवे शून्य उमटले. मालकांच्या केबिनमधून आवाज आला, "दिसलं! दिसलं!"

दोन कार्डांपैकी तिने भोंग्याचंच का बंद केलं, हा प्रश्न तिने नंतर स्वतःला पुष्कळदा विचारला. उत्तर सोपं होतं. मालकांचं कार्ड बंद केलं असतं तर मालकांनी त्याच घटकेला ओरड केली असती. भोंगा एरवी गप्पच असतो. तो आणखी गप्प झाला तर आज कुणाला कळणार होतं?

उद्या सकाळी मास्तर येतील, वायू सोडण्यापूर्वी त्यांना विचारून नीट करून घेऊ, असं तिने मनाशी ठरवलं. हे ठरवताना ती अगदी प्रामाणिक होती. बाहेर पडताना यासीनचाचा दारात भेटले.

"काय गो पोरी, झाला काम?"

"झालं, चाचा."

"मग मला कसली भीती?" असं म्हणून ते हसले. ते हसणं घेऊन ती घरी गेली. रात्रभर तिला झोप लागली नाही.

एकतीस तारखेला सकाळी नऊला खातू मास्तर आले. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. मालक, मजूर, सगळे जमलेले. मालकांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, "मास्तर, तुमच्या बाईंनी कमाल केली. पेटी सुरू आहे. माझ्या पडद्यावरही आकडा आला."

"तुमच्याही पडद्यावर आला?" मास्तरांनी विचारलं.

"हो तर!"

मास्तर प्रणिताकडे वळून म्हणाले, "घड्याळ बरोबर दाखवतंय का गं?"

"चुकीचं होतं. मी दुरुस्त केलं."

"बरं. आणखी काही सांगायचंय?"

हीच ती घटका होती. शब्द तिच्या जिभेवर आलेले होते. पण मालक समोर उभे, मजूर समोर उभे, आणि आत्ताच सगळ्यांनी तिची वाहवा केलेली. ती म्हणाली, "नाही, मास्तर."

मास्तरांनी संगणकाकडे मुळी पाहिलंच नाही. पिशवीतून त्यांनी एक काळी बाटली काढली, एक फडकं काढलं, आणि यासीनचाचांचा हात धरला. "चला चाचा, आत जाऊन बसू." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाटलीत अमोनियाचं पाणी आहे. फडकं भिजवून मी संवेदकाखाली ठेवतो. आम्ही दोघं आत बसतो. भोंगा वाजला की बाहेर येऊ. तोवर कुणी आत यायचं नाही आणि आम्हाला बोलवायचं नाही."

मालक चक्रावले. "मास्तर, तुमचा डोळा! परवा तर पट्टी सुटली."

"भोंगा वाजायला किती वेळ लागतो? पाच-दहा सेकंद." एवढं बोलून त्यांनी दार ओढून घेतलं.

प्रणिता काचेच्या केबिनमध्ये एकटी उभी राहिली. काचेपलीकडे दोन म्हातारे लाकडी बाकावर बसलेले दिसत होते. मास्तरांनी फडकं भिजवून संवेदकाखालच्या खिळ्याला अडकवलं आणि ते परत येऊन चाचांशेजारी बसले. पडद्यावरचा पहिला शून्य हलला. सात झाला. पंधरा झाला.

मनुष्याचं मन भीतीच्या घटकेला किती खुळं होतं पाहा. भोंगा स्वतःच्या हाताने बंद केलेला, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती मनात म्हणत होती, वाजेल. कदाचित वाजेल. देवा, वाजू दे.

बावीस. एकतीस. पस्तीस.

पस्तिसाला आकडा तांबडा झाला. आवाज नाही.

चाळीस. काचेपलीकडे मास्तर खोकले. त्यांनी चष्म्याखालून रुमाल डोळ्याला लावला. चाचा मात्र पाय हलवत, मजेत, कसली तरी जुनी गोष्ट सांगत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं. कळण्याचा मार्गच नव्हता. हे फडकं आहे म्हणून ठीक. आणखी तासाभराने पाइप भरलेले असतील, आणि हेच चाचा ह्याच बाकावर असेच पाय हलवत बसलेले असतील, गोष्ट सांगत, एकट्याने, शेवटपर्यंत.

अठ्ठेचाळीस. मास्तर पुन्हा खोकले, या वेळी वाकून. मालक दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते, पण हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. साठ.

"बाहेर या!"

तो आवाज आपला आहे हे तिला आधी कळलंच नाही. ती केबिनमधून धावत सुटली आणि दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. "मास्तर, बाहेर या! चाचा, उठा! भोंगा वाजणार नाही! मी बंद केलाय! मी बंद केलाय तो!"

मासळी बाजारापर्यंत गेला नसेल, पण तो आवाज कारखान्याच्या फाटकापर्यंत नक्की गेला. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला.

दार उघडलं. मास्तर चाचांना हाताला धरून बाहेर घेऊन आले. डोळे पुसत, अगदी शांतपणे म्हणाले, "चला चाचा. भोंगा वाजला."

प्रणिता भिंतीला टेकून मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडू लागली. मास्तरांनी तिला पाणी दिलं आणि केबिनमध्ये नेऊन बसवलं. रडणं ओसरल्यावर ती रागानेच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं. मग विचारलं का नाहीत? डोळा गेला असता म्हणजे?"

"विचारलं होतं. तू नाही म्हणालीस," मास्तर म्हणाले. "डोळ्याचं म्हणशील, तर मी बाकाच्या खिडकीकडच्या टोकाला बसलो होतो आणि वारा समुद्राकडून आत येत होता. पण तुला ते ठाऊक नव्हतं, हे खरं. मला कसं कळलं, तेही सांगतो. घड्याळ चुकलं, म्हणजे आतला सेल संपला. सेल संपला, म्हणजे पाच क्रमांक जुन्या कार्डासाठी राखून ठेवायची जी मांडणी मी केली होती, ती पेटी विसरली. तरी मालक म्हणतात, माझा आकडा दिसतोय, आणि पेटी गोठत नाही. दोघं एकाच क्रमांकासाठी भांडत असताना घरात एवढी शांतता कशी? म्हणजे एकाचं तोंड कुणी तरी बंद केलेलं आहे. आणि तोंड नेहमी त्याचंच बंद करतात, ज्याच्या गप्प बसण्याने आज कुणाचं अडत नाही."

प्रणिताने मान खाली घातली. "मी फार घाबरले होते, मास्तर."

"घाबरावंस अशीच जागा आहे ही. मीसुद्धा पंधरा वर्षं इथे येताना घाबरतो. पण काल दिवसभर तू त्या पिवळ्या खुणेला घाबरत होतीस. मालकांना घाबरत होतीस, मलाही. चाचांसाठी घाबरायला तुझ्यापाशी भीती उरलीच नव्हती. मी एवढंच केलं, की तुझी भीती तिथून उचलली आणि त्या बाकावर नेऊन ठेवली. तिथे ठेवल्याबरोबर ती ओरडली. ती तिथेच राहू दे. आता पेटी उघड."

मालक दारात उभे होते. घसा खाकरून ते म्हणाले, "वायू आज नको. होड्या एक दिवस थांबतील." मग म्हणाले, "माझं कार्ड काढून टाका हवं तर."

"आधी काढूच," मास्तर म्हणाले. "नंतर बसेल."

प्रणिताने तिन्ही कार्डं बाहेर काढली. सेल बदलला. पेटी सुरू होतानाच्या पहिल्या मांडणीत जाऊन पाच क्रमांक जुन्या कार्डासाठी राखला. आधी संवेदकांचं कार्ड बसवलं, यादी पाहिली. मग भोंग्याचं बसवलं, तांबडी फुली काढली, पुन्हा यादी पाहिली. मालकांचं कार्ड सर्वांत शेवटी. त्याला दहा क्रमांक मिळाला आणि ते मुकाट्याने चालू लागलं. प्रत्येक पाऊल तिने वहीत लिहिलं.

मग ती उठली आणि यासीनचाचांपुढे जाऊन उभी राहिली. हे मास्तरांनी तिला सांगितलं नव्हतं.

"चाचा, काल तुम्ही विचारलंत काम झालं का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. तुमचं नाक मी बंद करून ठेवलं होतं."

या वेळी चाचा हसले नाहीत. "पोरी," ते म्हणाले, "मी काल रात्री गाढ झोपलो. बायकोला बोललो, पेटी चालू झाली, आता घोर नको." मग बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "चल. आता तू बस माझ्यासोबत."

तिने फडकं भिजवलं, खिळ्याला अडकवलं, आणि बाकावर चाचांशेजारी बसली. दार बंद झालं. वास नाकात शिरला, डोळे चुरचुरू लागले, घसा आवळला. काच तिच्या बाजूने नुसती चमकत होती, पडद्यावरचे आकडे इथून दिसत नव्हते. आत बसणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत, हे तिला सहा वर्षांत प्रथमच कळलं. इथे बसून फक्त वाट बघता येते. उठून पळावं असं तिला प्रत्येक श्वासाला वाटत होतं. चाचांनी तिच्या हातावर हात ठेवला होता. तो हात गार होता.

मग भोंगा वाजला.

तो इतक्या मोठ्याने वाजला, की बाजारात माशांवर बसलेले कावळे उडाले, असं नंतर लोकांनी सांगितलं. चाचा उठले. ती मात्र लगेच उठली नाही. तो कर्कश आवाज तिने डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाइपांत वायू सोडला, तेव्हा तिसऱ्या सांध्यातून खरोखरच गळती निघाली. भोंगा वाजला, चाचा बाहेर आले, सांधा बदलला. त्याच्या पुढच्या सकाळी बर्फाच्या लाद्या होड्यांवर चढल्या.

आपल्या घरात किंवा कचेरीत फार दिवस कुणाची कुरबुर ऐकू आली नसेल, तर समाधान मानण्यापूर्वी एकदा यादी उघडून पाहावी, आपण तांबडी फुली कोणावर मारून ठेवली आहे.